दमानं पळा

(सामुदायिक रेडिओवर महिला गटांसाठी झालेलं भाषण)



मी मुंबईत घोडपदेवला राहते. माझं माहेर साताऱ्यातलं, माण तालुक्यातलं. मे महिन्यात गावी आले की आईच्या बचत गटाच्या बैठकीला जाऊन बसते. यंदा बैठक संपताना एक वहिनी म्हणाल्या, “ताई, तू म्हणे मुंबईत सकाळी पळायला जातेस. आम्हालाही दवाखान्यात सांगतात, हालचाल वाढवा. मी पळून बघितलं. पन्नास पावलं गेले की धाप लागते. हे आपल्यासारख्या बायकांचं काम नव्हे.” मी त्यांना म्हटलं, “वहिनी, मीही अगदी हेच म्हणाले होते.” मग ठरलं, की याच विषयावर रेडिओवर बोलायचं. आजचा प्रश्न एवढाच आहे: नव्याने पळायला लागलेल्या बाईने किती वेगाने पळावं?

आधी माझी फजिती सांगते. घोडपदेव म्हणजे भायखळा, माझगाव आणि रे रोड यांच्या मधली वस्ती. ज्या देवावरून वस्तीला नाव पडलं, त्याचं देऊळ अजून तिथे आहे. गिरण्या आणि गोदी जवळ, त्यामुळे घाटावरची, कोकणातली माणसं पिढ्यान् पिढ्या इथे राहायला आली. माझे सासरे गिरणीत होते, यजमान माथाडी कामगार. मी घरी शिवणकाम करते. बेचाळिसाव्या वर्षी तपासणीत साखर थोडी वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाल्या, गोळी लगेच देत नाही, पण अंग हलवा. मी ठरवलं, उद्यापासून पळायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पदर खोचला आणि गल्लीच्या तोंडापासून जी सुटले ती सुटलेच. विजेचे तीन खांब मागे गेले असतील. कुशीत कळ आली, घसा कोरडा पडला, डोळ्यांपुढे काजवे चमकले. एका दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. पुढचे चार दिवस जिना उतरताना पोटऱ्या ओरडत होत्या. आमच्या मजल्यावर गिरणीतून निवृत्त झालेले एक आजोबा राहतात. तरुणपणी कबड्डी खेळलेले. त्यांनी पायरीवर बसलेली मला पाहिलं होतं. ते म्हणाले, “सूनबाई, तू पळत नव्हतीस, तू पळ काढत होतीस. दमानं घे.”

‘दमानं घे’ हे आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो. पण त्या शब्दाकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. दम म्हणजे श्वास. दम म्हणजे धीरही. दम लागला म्हणजे श्वास अपुरा पडला. दम धर म्हणजे थांब, घाई करू नकोस. दमानं म्हणजे सावकाश. श्वास पुरेल अशा बेताने काम करणं, एवढा सगळा अर्थ त्या एका शब्दात आहे. नवशिक्या बाईचा वेग ठरवायचा नियमही तोच.

मग आपण पहिल्याच दिवशी जीव तोडून का पळतो? कारण सावकाश पळणं आपल्याला ठाऊकच नाही. शाळेत पळालो ते शर्यतीत. पुढे पळालो ते सुटणाऱ्या एस.टी.मागे, पिकात शिरलेल्या शेळीमागे, नाहीतर अंगावर आलेल्या कुत्र्यापुढे. प्रत्येक वेळी घाई होती किंवा भीती होती. त्यात लाज आहेच. कुणी बघेल, हसेल, म्हणून एकदाचं उरकून घ्यावं असं वाटतं. पण आता आपल्याला कुठली एस.टी. गाठायची नाही.

शरीरात काय होतं ते चुलीवरून समजून घेऊ. चुलीत लाकडं बेताने सारली आणि हवा खेळती राहिली, की जाळ चांगला लागतो, धूर कमी होतो, लाकूड पुरतं. घाईने लाकडं कोंबली, की हवा अडते आणि घरभर धूर होतो. पायांच्या स्नायूंचंही तसंच आहे. सावकाश पळताना छातीतून आलेला प्राणवायू त्यांना पुरतो. अंगातली चरबी आणि साखर नीट जळते आणि बराच वेळ काम चालतं. वेग फार वाढला, की तेवढा प्राणवायू पोचत नाही. मग स्नायू प्राणवायूवाचून साखर वापरायची आडवाट धरतात. ती वाट झटपट ताकद देते, पण टिकत नाही. रक्तात आंबटपणा वाढतो, बाहेर टाकायची अशुद्ध हवा वाढते, आणि ती टाकायला छाती भात्यासारखी चालू लागते. यालाच आपण धाप म्हणतो. धाप लागली म्हणजे तुम्ही दुबळ्या आहात असं नाही. त्या घडीला शरीराला पेलणाऱ्या वेगापेक्षा तुमचा वेग जास्त आहे, एवढंच.

आता वेग ओळखायचा कसा? त्याला घड्याळ नको, मोबाइल नको. पळताना बोलून बघायचं.

बोलायला बाहेर जाणारा श्वास लागतो. एक पूर्ण वाक्य बोलायचं, तर तो श्वास सावकाश सोडावा लागतो. शरीराला घाईघाईने श्वास हवा असेल, तर बोलण्यासाठी तो शिल्लकच राहत नाही. म्हणून बोलण्यावरून वेग कळतो. पळता पळता एक वाक्य मोठ्याने म्हणा. “आमच्या गटात बारा जणी आहेत आणि आमची बैठक दर महिन्याच्या पाच तारखेला असते.” हे वाक्य न तुटता म्हणता आलं, शेवटी एक मोठा श्वास घ्यावासा वाटला, तर वेग बरोबर. दोन-दोन शब्दांवर अडखळलात, तर वेग जास्त आहे, कमी करा. आणि आरामात गाणं म्हणता येत असेल, तर अजून थोडं वाढवायला जागा आहे. पण पहिले काही आठवडे गाणं म्हणता येईल इतकं हळू पळालात, तरी काही बिघडत नाही.

दुसरी खूण मनाची. शून्य म्हणजे खाटेवर पडून राहणं आणि दहा म्हणजे जिवाच्या आकांताने पळणं, असं धरा. आपल्याला तीन-चारच्या आसपास राहायचं आहे. स्वीडनमधले गुन्नार बोर्ग नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. श्रम किती वाटतात हे माणसाने स्वतः अंकात सांगायचं, अशी मोजपट्टी त्यांनी तयार केली. ती आज दवाखान्यांत आणि खेळाच्या मैदानांवर जगभर वापरतात. आपल्या अंगाला काय वाटतं ते आपल्यालाच सगळ्यांत आधी कळतं, हा तिचा पाया.

बायांनो, हे आपल्याला नवं नाही. आपल्या आज्या जात्यावर ओव्या म्हणत दळायच्या. दळण जड आहे, पण ओवी तुटत नाही, अशा लयीत हात फिरायचा. आषाढी वारीत डोक्यावर तुळस घेऊन बायका रोज कित्येक कोस अभंग म्हणत चालतात. आणि त्याच वारीत वेळापूरजवळ माउलींच्या पालखीबरोबर वारकरी धावतात, त्याला ‘धावा’ म्हणतात. कितीतरी दिवस चालायचं आणि मध्येच थोडंसं धावायचं. नवशिक्या बाईने सुरुवात अशीच करावी. चालणं जास्त, पळणं थोडं.

हाच धडा एका मोठ्या प्रशिक्षकालाही मिळाला होता. बिल बॉवरमन हे अमेरिकेतले नामांकित धावण्याचे प्रशिक्षक. ते १९६२ साली न्यूझीलंडला आर्थर लिडियार्ड या प्रशिक्षकांकडे गेले होते. लिडियार्डनी तिथे साध्यासुध्या, वयस्कर माणसांना सावकाश पळायला लावलं होतं. बॉवरमन त्यांच्याबरोबर पळायला निघाले आणि थोड्याच वेळात मागे पडले. त्यांच्या सोबतीला थांबला तो सत्तरी ओलांडलेला, हृदयविकाराचे झटके येऊन गेलेला एक म्हातारा. तो मजेत गप्पा मारत होता आणि बॉवरमनना उत्तर द्यायलाही दम नव्हता. घरी परतल्यावर बॉवरमननी आपल्या गावच्या लोकांना सावकाश पळायला शिकवलं आणि त्यावर पुस्तकही लिहिलं. इतरांना पळायला शिकवणाऱ्यालाही हे नव्याने शिकावं लागलं, मग आपण कशाला लाजायचं?

आता अंदाजासाठी थोडे आकडे. भरभर चालणारी बाई एक किलोमीटर साधारण दहा ते बारा मिनिटांत जाते. नव्याने पळणारीला तेवढ्याच अंतराला आठ-नऊ मिनिटं लागली, दहा लागली, तरी ते पळणंच आहे. आपल्या माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत धावल्या आणि दहाव्या आल्या. त्यांना नऊ मिनिटं बावीस सेकंदांच्या आसपास लागले. म्हणजे अडथळे ओलांडत किलोमीटरला तीन मिनिटांहून थोडा जास्त वेळ. त्यांचा अभिमान जरूर बाळगा. पण तो वेग वर्षानुवर्षांच्या सरावातून आला आहे. आपण त्यांच्याशी नाही, शेजारणीशीही नाही, फक्त आपल्या श्वासाशी हिशेब जुळवायचा.

सुरुवात कशी करायची ते आता सांगते, हवं तर लिहून घ्या. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड. आधी पाच मिनिटं चालायचं. मग एक मिनिट सावकाश पळायचं, दोन मिनिटं चालायचं. असं पाच वेळा. शेवटी पुन्हा पाच मिनिटं चालायचं. पंचवीस मिनिटांत झालं. दोन आठवडे एवढंच. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन मिनिटं पळणं, दोन मिनिटं चालणं. पाचव्या-सहाव्यात तीन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं. मग पाच मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं. पळताना वाक्य तुटायला लागलं, तर पुढे जाऊ नका. तोच आठवडा पुन्हा करा. परीक्षा नाही, नापास कुणी करत नाही.

पावलं लहान टाका. पाय लांब फेकू नका, पाऊल अंगाखालीच पडू द्या. खांदे सैल ठेवा. शेजारून भरभर चालणारी बाई पुढे निघून गेली, तरी जाऊ द्या. आणि लक्षात ठेवा, रोजचा वेग सारखा राहत नाही. चढ असेल, ऊन असेल, उपास असेल, पाळी असेल, रात्री झोप झाली नसेल, तर त्याच वेगात धाप लागते. त्या दिवशी आणखी हळू पळायचं. वेग बदलला तरी चालेल, बोलणं तुटता कामा नये.

दम वाढतोय म्हणून एकदम उड्या मारू नका. श्वास काही आठवड्यांत सुधारतो. पण हाडं आणि सांध्यांभोवतीचे बंध मजबूत व्हायला महिने लागतात. म्हणून नडग्या आणि गुडघे आधी तक्रार करतात. हे मी पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींच्या आयांना मुद्दाम सांगते. भरतीत मुलींना शंभर आणि आठशे मीटर पळावं लागतं, म्हणून पोरी पहिल्या दिवसापासून रोज जीव तोडून पळतात. महिन्याभरात नडग्या धरतात आणि ऐन भरतीच्या वेळी पोरगी घरी बसते. वेगाचा सराव हवाच, पण आठवड्यातून एक-दोनदा. बाकीचे दिवस मैत्रिणीशी बोलत, दमानं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. आमच्या घोडपदेवच्या गटातल्या पाच जणी माझ्याबरोबर यायला लागल्या. चौघींचा दम हळूहळू वाढला. पाचवीचा वाढेना. ती आमच्यात सगळ्यांत हळू पळायची. एक मिनिट पळाली की ओठ पांढरे, छाती धडधडायची, वाक्य तुटायचं. नुसतं चालतानाही बोलणं अडखळायचं. आम्ही म्हणायचो, सराव कर, आळस सोड. मला आजही त्याची लाज वाटते. शेवटी तिने रक्त तपासलं. हिमोग्लोबिन निघालं आठ. गरोदर नसलेल्या बाईचं ते बारा किंवा त्याहून जास्त असायला हवं.

हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातून प्राणवायू वाहून नेणारी गाडी. गाड्याच कमी असतील, तर कितीही जोरात श्वास घ्या, माल स्नायूंपर्यंत पोचणार कसा? २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांचं रक्त कमी आढळलं. म्हणजे आज हे ऐकत बसलेल्या दर दोघींतल्या एकीची ही गोष्ट असू शकते. म्हणून सख्यांनो, अगदी हळू पळूनही, किंवा नुसतं चालतानाही बोलता येत नसेल, तर जास्त पळू नका. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासा. लोहाच्या गोळ्या दिल्या तर सांगितल्याप्रमाणे, सांगितले तितके दिवस घ्या. गोळी चहाबरोबर घेऊ नका. चहामुळे लोह अंगी कमी लागतं. लिंबूपाण्याबरोबर घ्या. माझ्या मैत्रिणीने तेच केलं. पळणं बंद ठेवून ती नुसती चालत राहिली. तीन-चार महिन्यांनी पुन्हा पळायला लागली, तेव्हा बोलत बोलत पळाली.

आणखी काही खबरदारी. रक्तदाब, हृदयाचा त्रास, मधुमेह असेल, गरोदर असाल किंवा नुकतंच बाळंतपण झालं असेल, तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा. पळताना छातीत दुखलं, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं, चक्कर आली, तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा. आणि एक गोष्ट आपण कुणाला सांगत नाही. पळताना, शिंकताना थोडी लघवी सुटते, किंवा अंग बाहेर आल्यासारखं वाटतं. हे बाळंतपणानंतर पुष्कळ बायकांना होतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि त्यावर उपचार आहेत. आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगा, आणि तोवर पळण्याऐवजी चाला.

चालण्याने भागतं का, असं विचाराल, तर भागतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान दीडशे मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. भरभर चालणं त्यात मोजलं जातं. काही जणी म्हणतील, आम्ही दिवसभर रानात राबतोच की! खरं आहे, तीही अंगमेहनत आहेच. कामाने अंग मोडलेलं असेल त्या दिवशी पळू नका. पण ही पंचवीस मिनिटं कुणाच्या कामाची नाहीत, आपली आहेत.

एकटीने जायला संकोच वाटतो, म्हणून गटाने जा. पण एक नियम करा. गटाचा वेग सगळ्यांत हळू असणाऱ्या बाईचा. पुढची मागे वळून बोलत राहील आणि मागचीला उत्तर देता येईल, एवढंच अंतर ठेवायचं. पहाटे किंवा संध्याकाळी, रहदारीचा रस्ता सोडून. गाडीवाट, शाळेचं मैदान, तळ्याचा बांध, काहीही चालेल. पायात बसणारे, टाच धरून ठेवणारे बूट असले तर उत्तम. कपडे कोणते ते तुम्ही ठरवा. बारामतीच्या लता करे यांनी साठी उलटल्यावर, पतीच्या उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून, नऊवारी नेसून अनवाणी शर्यत जिंकली. त्यांच्यावर सिनेमाही निघाला. त्यांच्यावर ती वेळ यायला नको होती असंच मी म्हणेन, आणि अनवाणी पळा असंही सांगणार नाही. पण लुगड्यात पळता येत नाही, असं मात्र आता कुणी म्हणू नये.

आमच्याकडे माझगावच्या टेकडीवर जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान आहे. वरून गोदी आणि समुद्र दिसतो. पहिल्या वर्षी ती चढण चढूनच माझा दम जायचा. आता आम्ही पाच जणी वर जाऊन वीस मिनिटं पळतो, न थांबता. कुणाच्या मुलीचं स्थळ, कुणाचा गॅस संपला, भिशी कुणाला लागली, सगळं तेवढ्यात बोलून होतं. आमच्या पुढून तरुण मुलं सुसाट जातात. आम्ही त्यांना वाट देतो. माझी साखर गेल्या दोन तपासण्यांत हद्दीच्या आत आहे. डॉक्टर म्हणतात, जेवणातला बदल आणि हे पळणं, दोन्ही चालू ठेवा.

तर उद्या सकाळी एवढंच करून बघा. पाच मिनिटं चाला. मग एक मिनिट पळा आणि पळता पळता स्वतःचं नाव, गावाचं नाव आणि गटाचं नाव एका दमात सांगा. सांगता आलं तर तोच तुमचा वेग. नाही आलं तर हळू व्हा, पुन्हा सांगा. आणि हळू होऊनही सांगता आलं नाही, तर रक्त तपासून घ्या.

बैठकीत प्रश्न विचारणाऱ्या वहिनींनी गेल्या आठवड्यात फोन केला होता. मी विचारलं, किती पळालात? म्हणाल्या, “अंतर नाही मोजलं. पण पळता पळता सगळ्या गटाची नावं घेऊन झाली.”